आमवाताचा ताप आणि मुलांचें हृदय

शाळेंत जाणाऱ्या मुलाचा घसा दुखतो, दोन-चार दिवस ताप येतो आणि उतरतो. गुळण्या-काढ्यानें काम भागलें असें समजून घरचीं माणसें निश्चिंत होतात. दोन-तीन आठवड्यांनीं त्याच मुलाचा गुडघा सुजतो; तो बरा होतो न होतो तोंच घोटा, मग कोपर. खेळतांना लचकलें असेल, या समजुतीनें शेक दिला जातो आणि कांहीं दिवसांनीं सूजहि ओसरते. परंतु खरा घाव कित्येकदां अन्यत्र, हृदयावर, बसलेला असतो.

ऱ्हुमॅटिक फीव्हर अथवा आमवाताचा ताप तो हाच. 5 ते 15 वर्षांच्या मुलांस तो मुख्यत्वें होतो. घशांत शिरलेल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या अंगच्या कांहीं द्रव्यांचें हृदयांतील द्रव्यांशीं विलक्षण साम्य असतें. जंतूंशीं लढण्यास सिद्ध झालेली शरीराची रक्षकशक्ति या साम्यानें फसते आणि स्वकीयांवरच शस्त्र धरते. सांधे या हल्ल्यांतून सावरतात. हृदयाच्या झडपांवरील व्रण मात्र मागें राहूं शकतात. ताप पुनःपुन्हां आला, तर झडप जाड होते, तिच्या कडा चिकटतात व रक्ताची वाट अरुंद होते. अशी मुलगी वरकरणीं धडधाकट वाढते. पुढें गरोदरपणीं हृदयावरील भार वाढला म्हणजे जिना चढतांना तिला धाप लागते. तेव्हां बाळपणींचा तो सुजलेला गुडघा कोणास आठवतहि नाहीं.

कोणत्याहि एकाच तपासणीनें हा रोग निश्चित ओळखतां येत नाहीं. म्हणून बोस्टनचे डॉ. टी. डकेट जोन्स यांनीं 1944 सालीं निदानाच्या कसोट्या घालून दिल्या; सुधारलेल्या स्वरूपांत त्या आजहि वापरांत आहेत. या जंतूंमुळें घसा दुखूं लागल्यापासून 9 दिवसांच्या आंत पेनिसिलिन सुरू झालें, तर ताप बहुधा टळतो. तो एकदां येऊन गेला असल्यास दर 3 ते 4 आठवड्यांनीं पेनिसिलिनचें इंजेक्शन निदान 5 वर्षें, आणि झडप बिघडली असल्यास 10 वर्षें किंवा त्याहूनहि अधिक काळ, घ्यावें लागतें.

येथेंच अनेक कुटुंबें चुकतात. मूल खेळूं-बागडूं लागतें, सुईला भितें, आणि आईबापांस वाटतें, आतां काय गरज? पण हें इंजेक्शन आजच्या दुखण्यासाठीं नसतें. पुढचा हल्ला चुकविण्यासाठीं असतें. सांधा बरा झाला म्हणून रोग संपला, असें श्रोत्यांनीं कदापि समजूं नये.