कार्बनचे सोळा झोत
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आयटीतले अनुभव’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. त्यावर बोलणारे आपल्या बॅचमध्ये निदान पंधरा जण आहेत. मला मात्र गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या ग्रुपमधून वेगळ्याच कारणासाठी फोन येतात. कुणाच्या वडिलांना, कुणाच्या वहिनीला कॅन्सर निघालेला असतो आणि प्रश्न ठरलेला असतो : “तू जपानला जाऊन ते नवीन रेडिएशन घेतलंस ना? आम्हीही पेशंटला तिकडे न्यावं का?” एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा आज सगळ्यांना एकदम सांगते. जेवण तयार आहे हे मला माहीत आहे, त्यामुळे लांबण लावणार नाही.

आधी माझ्या आजाराविषयी. 2018 च्या सुरुवातीला कमरेच्या दुखण्यासाठी एमआरआय केला आणि त्रिकास्थीत, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडात, गाठ दिसली. बायोप्सीत नाव कळलं : कॉर्डोमा. गर्भात पाठीचा कणा तयार होण्याआधी तिथे एक दोरीसारखा भाग असतो. त्याचे काही अवशेष कण्यात राहून जातात आणि क्वचित कधीतरी त्यातून ही गाठ होते. वर्षाला दहा लाखांत एखाद्याला होणारा हा आजार आहे. शाळेत माझा कधी पहिला नंबर आला नाही, इथे मात्र दहा लाखांतून निवड झाली.

ही गाठ हळू वाढते, पण चिवट असते. केमोथेरपीला ती फारशी दाद देत नाही. नेहमीच्या रेडिएशनचा मोठा डोस लागतो आणि तेवढा डोस शेजारच्या आतड्याला, नसांना सोसत नाही. म्हणून पहिला उपाय शस्त्रक्रिया. माझी गाठ त्रिकास्थीच्या वरच्या भागात होती. ती पूर्ण काढायची तर त्या हाडातून जाणाऱ्या नसाही कापाव्या लागणार होत्या. आमच्या सर्जननी समोर कागद ओढून चित्र काढलं आणि स्पष्ट सांगितलं, “जीव वाचवायचा प्रयत्न करू. पण लघवी आणि शौच यांवरचा ताबा जाईल. चालण्यावरही परिणाम होऊ शकतो.” मी तेव्हा चाळीस वर्षांची होते, मुलगी सहावीत होती. त्याच सर्जननी पुढे सांगितलं की, दुसरा एक मार्ग आहे, पण तो भारतात नाही. तो मार्ग म्हणजे कार्बन आयन थेरपी.

आता थोडं विज्ञान. आपले विज्ञानाचे सर समोर बसलेत, चुकलं तर इथेच कान धरतील. आपल्याकडे ज्याला ‘शेक देणं’ किंवा ‘लाइट देणं’ म्हणतात, त्यात बहुतेक ठिकाणी क्ष-किरण असतात. क्ष-किरण शरीरात शिरले की कातडीच्या थोडं खाली सर्वांत जास्त ऊर्जा सोडतात, मग कमी कमी करत गाठीपर्यंत पोचतात आणि गाठीच्या पलीकडूनही बाहेर पडतात. विद्युतभार असलेल्या जड कणांचं तसं नसतं. ते वेगात असताना वाटेत थोडीच ऊर्जा देतात आणि थांबता थांबता उरलेली बहुतेक सगळी एकदम सोडून देतात. विल्यम ब्रॅग यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला अल्फा कणांमध्ये हे पाहिलं, म्हणून त्या टोकाला ब्रॅग पीक म्हणतात. कण किती खोल जाऊन थांबेल, हे त्याला दिलेल्या ऊर्जेवर ठरतं. म्हणजे ऊर्जा नीट निवडली तर कण बरोबर गाठीत थांबतो आणि पलीकडच्या अवयवाला फारसं काही पोचत नाही.

याचा उपचारासाठी उपयोग करावा, हे रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने 1946 मध्ये लिहिलं. अणुबाँबच्या प्रकल्पावर काम करून आलेला हा माणूस. 1954 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली इथे पहिल्यांदा रुग्णांवर प्रोटॉन वापरले गेले. कार्बनचा कण प्रोटॉनच्या बारा पट जड. तो पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे जवळजवळ तोडतो, त्यामुळे दुरुस्ती करणं पेशीला कठीण जातं. कॉर्डोमासारख्या चिवट गाठीसाठी कार्बनचा विचार करतात तो यामुळेच. जपानमधल्या चिबा शहरातल्या राष्ट्रीय संस्थेने खास उपचारासाठी ‘हिमॅक’ नावाचं यंत्र उभारलं आणि पहिला रुग्ण घेतला जून 1994 मध्ये. आपण दहावीच्या निकालाची वाट पाहत होतो, त्याच महिन्यात!

जायचं ठरलं तरी लगेच विमानात बसता येत नाही. एमआरआय, सीटी, बायोप्सीच्या काचा, सगळे रिपोर्ट आधी तिकडे पाठवावे लागले. गाठ आतड्याला चिकटलेली नाही ना, आधी त्या जागी रेडिएशन झालेलं नाही ना, दुसरीकडे पसरलेली नाही ना, हे पाहून ते हो किंवा नाही सांगतात. ‘नाही’ पुष्कळांना येतं. आम्हाला ‘हो’ आलं. मग वैद्यकीय व्हिसा. त्यासाठी जपानमधली नोंदणीकृत संस्था हमीदार लागते. आमच्या विमा कंपनीने भारताबाहेरच्या उपचाराचे पैसे द्यायला नकार दिला. पॉलिसीत तसं लिहिलेलंच होतं. पुण्यातला दुसरा फ्लॅट विकला, भावाने ठेव मोडली. आपल्या ग्रुपनेही रात्रीतून पैसे जमवायला सुरुवात केली होती. ते मी घेतले नाहीत, पण कुणी कुणी किती लिहिले होते, ती यादी अजून माझ्या फोनमध्ये आहे.

ऑक्टोबरअखेर आम्ही दोघं चिबाला पोचलो. यंत्र म्हणजे अख्खी इमारतच आहे, जवळपास फुटबॉलच्या मैदानाएवढी. कार्बनचे कण गोल फिरवत प्रकाशाच्या सुमारे 70 टक्के वेगापर्यंत नेतात आणि मग उपचाराच्या खोलीत आणतात. एवढा सगळा पसारा भिंतीमागे. रुग्णाला दिसतो एक टेबल आणि भिंतीतलं एक तोंड. पहिल्या दिवसांत माझ्या शरीराच्या मापाचा साचा बनवला. गरम, मऊ प्लास्टिकची जाळी अंगावर दाबून बसवतात, ती गार झाली की कडक होते. त्यात रोज त्याच स्थितीत पडून राहायचं. साचा घालूनच सीटी काढला आणि त्यावरून डोसचा आराखडा तयार झाला.

झोत एकूण सोळा. मंगळवार ते शुक्रवार, आठवड्यातून चार, असे चार आठवडे. रोज टेबलवर अर्धा तास जायचा, त्यातला बहुतेक वेळ मला जागेवर आणण्यात. एक्स-रे काढायचे, हाडांची जागा आराखड्याशी ताडून पाहायची, टेबल एखाद-दोन मिलिमीटर सरकवायचं, पुन्हा एक्स-रे. प्रत्यक्ष झोत दोन-तीन मिनिटांचा. दुखत नाही, गरम लागत नाही, काही दिसत नाही.

मी सॉफ्टवेअरवाली असल्यामुळे माझी भीती थोडी वेगळी होती. थेरॅक-25 नावाच्या रेडिएशन यंत्राची गोष्ट मी वाचलेली होती. 1985 ते 1987 च्या दरम्यान सॉफ्टवेअरमधल्या चुकांमुळे त्या यंत्राने सहा रुग्णांना प्रचंड जास्त डोस दिला, काहींचा त्यात जीव गेला. जुन्या यंत्रात असलेले हार्डवेअरचे अटकाव काढून सगळी भिस्त प्रोग्रामवर ठेवली होती. साच्यात बांधलेली असताना मला तेच आठवायचं. तिसऱ्या दिवशी मी दुभाष्यामार्फत तिथल्या भौतिकतज्ज्ञांना विचारलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. डोस मोजणारी यंत्रणा एकावर विसंबून नाही, कुठलीही एक बिघडली तरी झोत थांबतो, हे कागदावर काढून दाखवलं. त्या रात्री मला झोप लागली. ज्याला जे कळतं, ते त्याला नीट समजावून सांगणं हाही उपचारच असतो.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन बुधवारी, 7 नोव्हेंबरला होतं. सकाळी झोत झाला. तोक्योतल्या निशी-कासाई भागात आपले आयटीतले पुष्कळ मराठी लोक राहतात. तिथली सांगलीकडची एक मुलगी, ओळखीची ना पाळखीची, दोन गाड्या बदलून इनागे स्टेशनवर आली. डब्यात आमटी-भात आणि चार करंज्या. त्या करंजीवर मी का रडले, ते तिला विचारावं लागलं नाही.

परत आल्यावर काय झालं? कातडी काही आठवडे भाजल्यासारखी झाली, ती बरी झाली. डाव्या पायाच्या पोटरीत मुंग्या येतात, त्या कायमच्या आहेत. नसेवर झालेला तो परिणाम आहे आणि तो होऊ शकतो, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. गाठ गायब झालेली नाही. ती आकसली आणि सहा वर्षं तेवढीच आहे. या आजारात ‘वाढली नाही’ हाच चांगला निकाल धरतात. दर वर्षी एमआरआय असतो आणि त्याच्या आदल्या आठवड्यात मी घरात कुणाशी धड बोलत नाही. पण मी चालते, गाडी चालवते आणि आज सकाळी शाळेचा तो दगडी जिना चढून आले. लघवी-शौचावर माझा ताबा आहे. लग्नसमारंभात हे वाक्य उच्चारता येत नाही, पण शाळेत चालतं.

आता तुमच्या फोनचं उत्तर. बहुतेक कॅन्सरना या उपचाराची गरज नसते. स्तनाचा, गर्भाशयमुखाचा, घशाचा कॅन्सर असलेल्या असंख्य रुग्णांना आपल्याकडच्या रेडिएशनने गुण येतो. रक्ताच्या किंवा सगळीकडे पसरलेल्या कॅन्सरवर तर नेमका झोत सोडून उपयोग नाही. कवटीच्या तळाच्या, कण्याच्या काही गाठी, काही सार्कोमा, लहान मुलांचे काही कॅन्सर, अशा ठिकाणी जड कणांचा विचार होतो. त्यातही प्रोटॉनसाठी आता परदेशी जायलाच हवं असं नाही. चेन्नईत 2019 पासून आणि टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात 2023 पासून प्रोटॉन उपचार होतात. कार्बन मात्र अजून बाहेरच : जपान, जर्मनीत हायडेलबर्ग, इटलीत पाविया, अशी मोजकी केंद्रं आहेत.

म्हणून घर विकायच्या आधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. या गाठीला या उपचाराने नेमका काय जास्त फायदा होणार? तोच फायदा इथे मिळू शकतो का? आणि नाही गेलो तर काय? तिन्ही उत्तरं लिहून घ्या. मग मला फोन करा. मी डॉक्टर नाही, पण कुठले कागद, कुठल्या क्रमाने, हे मला पाठ आहे. रात्री अकरानंतर केलात तरी चालेल.

सर, ‘कार्बनची संयुजा किती?’ हा प्रश्न तुम्ही आम्हाला प्रत्येक चाचणीत घालायचात. चार. मला अजून पाठ आहे.