आधी मोज, मग काढ



'डिझाइनच्या क्षेत्रातल्या संधी' यावर बोला, असं मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं होतं. पण आपल्या शाळेच्या फाटकातून आत आलो आणि डाव्या हाताला चित्रकलेचा वर्ग दिसला. दाराची कडीसुद्धा तीच! एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की सर आम्हाला शाळा सुटल्यावर तिथे बसवून घ्यायचे. मला धास्ती संकल्पचित्राची. चौकोनात फुलांची नक्षी पुन्हा पुन्हा बसवायची आणि शेवटचं फूल हमखास कडेला चेपायचं. सर रागवत नसत. हातात पट्टी द्यायचे आणि म्हणायचे, "आधी मोज, मग काढ."

आज मी कंपन्यांसाठी प्रदर्शनातले स्टॉल आणि त्यांची खास नक्षी तयार करतो. समजा, पंपाचा कारखाना आहे. पंपाच्या पोटात इंपेलर फिरतो, त्याची पाती वळलेली असतात. त्या वळणातून एक आकृती काढायची आणि तीच स्टॉलच्या भिंतीवर, पिशवीवर, कॅटलॉगवर फिरवायची. नाव वाचण्याआधीच गिऱ्हाइकाला कंपनी ओळखू आली पाहिजे. संधी पुष्कळ आहेत, त्या तुम्ही शोधालच.

मला सांगायचंय ते वेगळं. मुलांनो, काम जिथे लागणार आहे तिथे स्वतः जाऊन उभे राहा, आणि टेप खिशात ठेवा.

नवीन होतो तेव्हाची गोष्ट. मुंबईतल्या एका प्रदर्शनात ३ मीटर बाय ३ मीटरचा स्टॉल मिळाला होता. मागची भिंत तीन पॅनेलची, प्रत्येक पॅनेल मीटरभर रुंद. तसं कागदावर लिहिलेलं होतं, म्हणून मी ऑफिसात बसून पूर्ण मीटरची नक्षी काढली आणि छापून पाठवली. आदल्या रात्री हॉलमध्ये पोचलो. पॅनेल ॲल्युमिनियमच्या उभ्या खांबांत बसतात आणि प्रत्यक्षात जेमतेम ९५ सेंटिमीटर दिसतात. प्रत्येक सांध्याला नक्षी तुटली होती. माझं शाळेतलं चेपलेलं फूल तिथे भिंतभर उभं होतं. सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रींनी काही न बोलता कमरेचा टेप काढून माझ्या हातात दिला. आम्ही दोघांनी भिंत मोजली, रात्रीतच सलग फ्लेक्स छापून आणला आणि खांबांवरून ताणून बसवला. पहाटे चार वाजता काम संपलं. त्या मिस्त्रींना मी गुरू मानतो.

पहिल्या रांगेत बसलेल्या बाईंच्या पैठणीचा नारळी काठ बघा. विणकराने धागा मोजला म्हणून तो सगळीकडे सारखा उतरलाय. आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मुलांनो, आजचं हे स्टेज तुमच्यापैकी कुणी बांधलंय, मला माहीत आहे. मघाशी पडद्याची दोरी घट्ट करताना मी तुम्हाला पाहिलं. ज्याच्या हाताला खिळ्याची, दोरीची, मापाची सवय आहे, त्याला स्क्रीनवरचं काम शिकवता येतं. उलटं शिकवायला मला फार कष्ट पडतात. माझ्याकडे कामाला येणारी हुशार मुलं तिसऱ्या दिवशी विचारतात, "साइटवर जायलाच हवं का? फोटो मागवू की!" जायलाच हवं. फोटोत खांबाची जाडी कळत नाही, दिवा कुठून डोळ्यांवर येतो ते कळत नाही, आणि मिस्त्री तर फोटोत भेटतच नाहीत.

नाचासाठी नऊवारी नेसून मुली केव्हाच्या विंगेत ताटकळल्या आहेत, त्यामुळे आवरतो. आमचे सर आज नाहीत. त्यांच्या आठवणीसाठी ५ मीटरचे २० टेप मी आणले आहेत, बाईंकडे दिले आहेत. ते कपाटात ठेवू नका. उद्या सकाळी मंडप सुटण्याआधी या आणि हे स्टेज मोजून घ्या.