चावी कुणाच्या हातात?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा सारांश)



बडा फुहाऱ्याच्या या गर्दीत मला बोलायला उभे केले, त्याबद्दल मंडळाचा आभारी आहे. मी डिप्लोमा झालेला, रुळांवरचा माणूस. व्याख्यान देणे हा माझा प्रांत नाही. विषय मात्र घरचाच आहे : गावाकडचे बंद घर इंटरनेटवरून पर्यटकांना भाड्याने देण्याचा धंदा, आणि तो सांभाळणारा तिथला माणूस.

माझे आजोबा जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीत जबलपूरला आले. गुहागर तालुक्यातले घर मागे राहिले. पुढे तिथे कुलूप लागले आणि गणपतीही बसेनासा झाला. 2018 साली पुण्याच्या माझ्या चुलतभावाने घर दुरुस्त करून इंटरनेटवर टाकले. रेल्वेच्या सेवानियमांमुळे धंदा माझ्या नावावर नाही, हे सहकाऱ्यांसाठी आधीच सांगतो. माझा वाटा दुरुस्तीचा सल्ला देण्याचा आणि फोनवर भावाशी भांडण्याचा!

फोटो सुंदर होते. दिवाळीत पहिले बुकिंग आले. चावी शेजारच्या वहिनींकडे ठेवली होती, पण त्यांच्याशी ठरवले काहीच नव्हते. रात्री नऊला पाहुणे लहान मुलाला घेऊन पोहोचले, तर पंपाची मोटर जळालेली. नळाला थेंब नाही. भाऊ पुण्यात, मी जबलपुरात. दोघेही फोनवरून सूचना देत होतो, पण फोनमधून पाणी येत नाही. वहिनींनी कुणी न सांगता विहिरीचे पाणी शेंदून दिले आणि गरम पिठलं-भात वाढला. पाहुण्यांनी नंतर इंटरनेटवर घराला एकच तारा दिला. खाली लिहिले, "शेजारच्या बाई होत्या म्हणून राहिलो."

तो अभिप्राय वाचून मला आमचा चाबीवाला आठवला. पूर्वी रूळ चाव्या ठोकून पक्के करीत. आता क्लिपा आल्या, पण नाव तेच राहिले. हा माणूस रोज आपला बीट पायी तपासतो. कंट्रोल ऑफिसात कितीही संगणक बसवा, रुळाला तडा गेला हे पहिल्यांदा बहुधा त्यालाच दिसते. तेव्हा तो साहेबाच्या हुकमाची वाट पाहत नाही. लाल झेंडी दाखवून गाडी थांबवतो. तो अधिकार त्याला नियमाने दिलेला आहे.

आम्ही वहिनींच्या हाती चावी दिली होती, अधिकार दिला नव्हता. मग बसून लिखापढी केली. प्रत्येक बुकिंगमध्ये त्यांचा ठरलेला हिस्सा. जेवणाचे पैसे पूर्ण त्यांचे. किरकोळ दुरुस्तीसाठी त्यांच्याजवळ वेगळी रक्कम, म्हणजे नळ गळला तर पुण्याला विचारायला नको. आणि शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे : घर पाहुणे घेण्याच्या स्थितीत नसेल, तर त्यांनी 'नाही' म्हणावे.

या कलमाची परीक्षा लवकरच झाली. ऐन मे महिन्यात वहिनींचा फोन आला, "भावजी, विहिरीला तळ दिसतोय. आठ दिवस कुणाला घेऊ नका." सीझनचे पैसे जात होते. भाऊ चिडला. पण लिहून दिले होते, म्हणून मुकाट्याने बुकिंगे रद्द केली. त्यानंतर एकाही पाहुण्याने पाण्याची तक्रार केलेली नाही. जे आठ दिवस गमावले, त्यांनी पुढची वर्षे कमावून दिली.

आता जरा मोठ्यांकडे पाहू. 2007 साली सॅन फ्रान्सिस्कोत दोन तरुणांनी भाडे भागत नव्हते म्हणून हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले. त्यातून पुढे एअरबीएनबी झाली. एवढी मोठी कंपनी, पण 2024 साली तिलाही दूरच्या घरमालकांना स्थानिक सहयजमान मिळवून देण्याची वेगळी सोय सुरू करावी लागली. आपल्याकडे मुंबईच्या देवेंद्र आणि तेजस परुळेकर या दाम्पत्याने सॅफ्रनस्टेज उभी केली. तिथे घरे दुसऱ्यांची, तर बुकिंग आणि देखभालीची व्यवस्था कंपनीची. म्हणजे लहान असो वा मोठा, या धंद्यात इंटरनेट पाहुणा दारापर्यंत आणते. दार उघडणारा माणूसच लागतो.

हे आज इथे का सांगतो? आपल्यापैकी अनेकांची मुले पुण्या-बंगळुरात आहेत. घरातल्या खोल्या रिकाम्या पडल्या आहेत. भेडाघाट आपल्या उंबरठ्यावर, कान्हाला जाणारे पर्यटक जबलपूर स्टेशनवर उतरतात. त्यांना स्वच्छ खोली आणि घरचे जेवण हवे असते. ज्याला हे करायचे असेल त्याने मध्य प्रदेश टुरिझम बोर्डाकडे होमस्टेची नोंदणी करावी. पाहुण्यांची ओळखपत्रे तपासावीत. विदेशी पाहुणा असेल तर 24 तासांत त्याची माहिती कळवावी. नोकरीत असलेल्यांनी, घरचे कुणी धंदा करीत असेल तरी कार्यालयाला कळवावे. आणि जो माणूस जागेवर राहून सांभाळणार, त्याला गडी समजू नये, भागीदार समजावे. त्याचा हिस्सा आधी लिहावा, फोटो नंतर काढावेत.

शेवटी एकच सांगतो. आमच्या घराचे बुकिंग वर्षभर खुले असते, पण गणपतीचे पाच दिवस बंद ठेवतो. ते दिवस घर आमचे. भाऊ आज तिथेच आहे. इतकी वर्षे बंद असलेल्या त्या माजघरात पुन्हा मूर्ती बसते आणि मखर वहिनी सजवतात. भाड्याचे पैसे मिळाले ते ठीकच. आमचे घर उघडले, ही खरी कमाई.



गणपती बाप्पा मोरया!