अकोल्याहून लेहला जाताना

परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला गेलं की गारवा लागतो, धाप लागत नाही. सुमारे ११०० मीटर उंची शरीर सहज पचवतं. लेहचं तसं नाही. ३५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोनतृतीयांश. प्राणवायू तिथेही २१ टक्केच, पण विरळ हवेमुळे दर श्वासात कमी येतो. मग श्वास वाढतो, नाडी धावते, लघवीलाही सारखं जावं लागतं. तांबड्या पेशी वाढायला मात्र आठवडे लागतात.

हिवाळ्यात आपल्याकडे स्वेटर विकणारे तिबेटी आठवा. उंचावर राहणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांचं हिमोग्लोबिन फारसं चढतच नाही. ‘ईपीएएस१’ जनुकाच्या वेगळ्या रूपामुळे रक्त दाट होत नाही. आपल्याला ती सोय नाही. विमानानं गेलात तर पहिले दोन दिवस मुकाट्यानं आराम करा; डोकं ठणकून ओकाऱ्या झाल्या, तर आणखी वर चढू नका.