खोकला रेंगाळतो तेव्हा

खोकल्याचा रोगी माझ्याकडे येतो तो बहुधा रिकामी बाटली घेऊनच. "डॉक्टर, हेच द्या, पण जरा जोरदार." बाटलीतले औषध उबळ दाबते, खोकला कशामुळे येतो, हे ते सांगत नाही.

दोन आठवडे खोकला हटला नाही, तर आधी क्षय नाही ना, हे पाहावे. संध्याकाळी ताप, वजनात घट किंवा थुंकीत रक्त असेल तर तेवढेही थांबू नये. तपासणीला छातीतून आलेला बेडका लागतो, तोंडातली लाळ नव्हे. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात एक अडचण आहे. पाथर्डी-शेवगावकडच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाचा खाडा झाला की दोघांचे काम अडते, आणि मुकादमाची उचल तर आधीच खर्च झालेली! मग दुखणे अंगावर काढले जाते. त्याच कोपीत पोरेही झोपतात. क्षय असेल तर त्यांनाही धोका. उपचार सहसा सहा महिन्यांचा. दोन महिन्यांत बरे वाटते आणि गोळ्या सुटतात. निघण्यापूर्वी आशाताईंना सांगावे. कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रातून उपचार पुढे चालू ठेवता येतो. क्षयरोग्याला आहारासाठी २०१८ पासून महिना पाचशे रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले.

क्षय नाही म्हटल्यावर माणसे सुटकेचा श्वास टाकतात आणि खोकतच राहतात. बायकांच्या बाबतीत मी आधी चुलीची चौकशी करतो, पुरुषांना विडीची. दमा असला तरी दर वेळी धाप लागतेच असे नाही. कधी रात्रीचा कोरडा खोकला एवढेच लक्षण असते. आडवे झाल्यावर पित्त घशाशी येते, त्यानेही खोकला येतो. सर्दीचे पाणी घशात उतरत राहिले तरी तेच.

एक निवृत्त गुरुजी कित्येक महिने खोकत होते. एक्स-रे स्वच्छ, बेडक्यात काही नाही. रक्तदाबाची गोळी पाहिली, तर नावाच्या शेवटी 'प्रिल'! एनॅलाप्रिल, रॅमिप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काहींना कोरडी ढास लागते. गोळी बदलली, काही आठवड्यांत ढास गेली. मात्र रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका; पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा.