प्राध्यापकांचा गौरव आणि गावाचा हिशेब

(महागाव, जि. यवतमाळ येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



वाणिज्य व व्यवस्थापन शिकविणाऱ्या उत्तम प्राध्यापकांचा, त्यांच्या अध्यापन आणि संशोधनाबद्दल, गौरव करण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारांतही २०२३ पासून उच्च शिक्षणातील अध्यापकांचा समावेश झाला. ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु शाल, श्रीफळ आणि मानपत्र देण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. व्यवहाराचे शास्त्र शिकविणाऱ्या माणसाचे श्रेष्ठत्व मोजावयाचे कशाने? कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर संसार चालविणाऱ्या महागाव तालुक्याला हा प्रश्न विचारण्याचा विशेष अधिकार आहे. पीक चांगले येऊनही हिशेबाची बाजू फसली, की घर कर्जात जाते, हा अनुभव या जिल्ह्याला नवा नाही.

महाराष्ट्रात वाणिज्य शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ साली सुरू झाले. विदर्भात सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय १९४० साली वर्ध्याला निघाले. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था १९६५ सालची. या परंपरेत गौरवास पात्र असे अध्यापक अनेक झाले. त्यांपैकी दोघांच्या कार्यावरून वरील प्रश्नाचे उत्तर बरेचसे मिळते.

पहिले नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे. घटनेचे शिल्पकार म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. परंतु १९१८ ते १९२० या काळात ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. त्याच १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तुकडे एकत्र करून धारणक्षेत्र वाढविले की शेती सुधारेल, असे त्या काळी अनेक तज्ज्ञ मानीत. बाबासाहेबांनी या विचाराची काटेकोर तपासणी केली. जमिनीचा तुकडा लहान की मोठा, हे केवळ एकरांवरून ठरत नाही. त्या जमिनीत घालावयाचे भांडवल आणि अवजारे किती आहेत, यावर ते अवलंबून असते, असे त्यांनी दाखविले. जमिनीवर पोट भरणाऱ्यांची गर्दी उद्योगधंद्यांच्या वाढीने कमी केली पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. आपला अभ्यास त्यांनी धोरण ठरविणाऱ्यांपर्यंत नेला.

दुसरे नाव प्रा. धनंजयराव गाडगीळ यांचे. ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक. परंतु त्यांच्या संशोधनाचे विषय व्यापार आणि व्यवस्थापनाचेच होते. रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, तेव्हापासून १९६६ पर्यंत ते तिचे संचालक होते. संस्थेच्या प्रारंभीच्या पाहण्यांची नुसती नावे पाहिली तरी त्यांची दृष्टी कळते. १९३३ साली पुण्यातील फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध झाली. १९३५ साली मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार वाहतुकीची. १९४० साली वाई तालुक्यातील शेतीधंद्याची. १९४८ साली गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांवरील अहवाल निघाला.

ज्या प्रवरा खोऱ्याचा हा अभ्यास होता, तेथेच लोणीच्या शेतकऱ्यांनी विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभारला आणि पहिले अध्यक्ष म्हणून याच प्राध्यापकांना आणले. १९५० साली पहिला गळीत हंगाम सुरू झाला. विखे पाटलांच्या शब्दावर गावाचा विश्वास होता. प्राध्यापकांच्या हिशेबावर शासनाचा आणि धनकोंचा. या दोन विश्वासांच्या मिलनातून महाराष्ट्रातील सहकारी साखर उद्योगाला दिशा मिळाली.

या संस्थेने आपल्या देणगीदाराचा गौरव कसा केला, हेही पाहण्यासारखे आहे. काळे यांच्या नावाने तेथे वार्षिक व्याख्यान सुरू झाले आणि १९३९ साली ते देण्याचा मान डॉ. आंबेडकरांना मिळाला. देणाऱ्याचे नाव एका नव्या विचाराशी जोडले गेले. हाही गौरवाचाच एक प्रकार होय.

या दोन उदाहरणांवरून तीन कसोट्या निघतात. संशोधन प्रत्यक्ष पाहणीवर आणि पडताळलेल्या आकड्यांवर उभे आहे काय? ज्यांच्याविषयी ते केले, त्यांच्यापर्यंत ते परत गेले काय? आणि विद्यार्थी त्या कामात सहभागी होऊन स्वतः पाहावयास शिकले काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांना गुण दिले. संशोधनास उत्तेजन मिळावे, हा हेतू स्तुत्य होता. परंतु निबंधांची संख्या वाढली, आणि ते वाचणारे तितके वाढले नाहीत. केवळ संख्येवरून दिलेला गौरव या कसोट्यांना उतरत नाही.

चौथी कसोटी सर्वांत अवघड आहे. सहकाराचे लोण विदर्भातही आले. महागावच्या शेजारी उमरखेड तालुक्यात पोफाळीला वसंत सहकारी साखर कारखाना उभा राहिला. परंतु विदर्भातील अनेक सहकारी कारखाने आणि सूतगिरण्या पुढे आजारी पडल्या. १९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजनाही कालांतराने मागे पडली. हे का झाले, ऊस वा कापूस कमी पडला, व्याज वाढले, की कारभार ढिला झाला, याचा निर्भीड अभ्यास करणारा प्राध्यापक संचालकांना आवडेलच असे नाही. शासनालाही त्याचे निष्कर्ष गैरसोयीचे वाटू शकतील. तरीही अशाच प्राध्यापकाचा गौरव आधी झाला पाहिजे. रोगाचे निदान करणाऱ्या वैद्यावर रुसून रोग बरा होत नाही.

येथे पंचायत सदस्य आणि शिक्षक यांच्याकडेही काम येते. परिसरातील महाविद्यालयांत वाणिज्य शिकविणारे अध्यापक आहेत आणि शेतकऱ्यांचीच मुले त्यांच्यापुढे बसतात. एखाद्या गावातील पंचवीस घरांचा वर्षभराचा शेतीहिशेब या विद्यार्थ्यांनी लिहून काढावा. बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, घरच्या माणसांचे श्रम, कर्जावरील व्याज, वाहतूक, बाजारात झालेली कपात आणि हाती पडलेली रक्कम, असे सर्व रकाने त्यात असावेत. शेतकऱ्याचे नाव गुप्त राहावे. ग्रामपंचायतीने त्यांना बसावयास जागा व ओळख द्यावी, सेवा सहकारी संस्थेने कर्जवाटपाची एकूण आकडेवारी खुली करावी, आणि वर्षाअखेर निष्कर्ष ग्रामसभेत साध्या मराठीत वाचून दाखवावेत. एका एकर कपाशीला खरोखर किती खर्च आला, हे त्या दिवशी गावाला गावाच्याच आकड्यांवरून कळेल. पुढल्या हंगामाचे कर्ज किती घ्यावे, कोणते पीक किती पेरावे, हमीभाव पुरेसा आहे की नाही, याची चर्चा मग अंदाजावर राहणार नाही.

असे काम करून दाखविणाऱ्या प्राध्यापकाला ग्रामसभेने आपल्यासमोर बसवून त्याचा अहवाल ऐकावा, त्यातील चुका दाखवाव्यात आणि पुढल्या वर्षी पुन्हा बोलवावे. शाल त्यानंतर अवश्य घालावी. अशा प्रसंगी ती घालणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही, तिचे मोल ठाऊक असेल.