फुगा की करंट?

सन्माननीय अध्यक्ष, पुण्याहून आलेले इलेक्ट्रोफिजिऑलॉजिस्ट मित्र, आणि बारामती-इंदापूरच्या गावोगावी दवाखाने चालवणाऱ्या डॉक्टर बंधु-भगिनींनो, नीरा डाव्या कालव्याच्या या मुलखात आपलं मनापासून स्वागत.

स्वागताध्यक्षानं गावाचा महिमा सांगावा, असा रिवाज आहे. मोरोपंतांच्या बारामतीचं आणि मालोजीराजांच्या इंदापूरचं पुष्कळ सांगता येईल, पण ते जेवताना. आत्ता मला माझ्या ओपीडीतला एक प्रश्न मांडायचा आहे.

भिगवणकडचे एक ऊस बागायतदार फाईल घेऊन आले होते. एट्रियल फिब्रिलेशनचं निदान झालेलं, गोळ्यांनी धडधड थांबेना, म्हणून अ‍ॅब्लेशन सुचवलेलं. म्हणाले, "डॉक्टर, फुगा टाकायचा का करंट द्यायचा? अन् उसाची तोड उरकल्यावर केलं तर चालंल का?" दुसऱ्याचं उत्तर सोपं होतं: तारीख थोडी पुढे ढकलता येईल, रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र एक दिवसही चुकवायची नाही.

पहिल्याचं ऐका. 1998 साली फ्रान्समधल्या बोर्डो इथं हायसागेर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की हे भरकटलेले ठोके बहुतेक वेळा फुफ्फुसांकडून डाव्या कर्णिकेत येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उगम पावतात. तिथं सभोवार व्रण करून विजेची वाट तोडायची, एवढंच सगळ्या पद्धतींचं काम. रेडिओफ्रिक्वेन्सीत, म्हणजे त्यांच्या करंटमध्ये, ते उष्णतेनं होतं, क्रायोबलूनमध्ये, म्हणजे फुग्यात, गोठवून, आणि नव्या पल्स्ड फील्डमध्ये विजेच्या अतिशय अल्पकाळाच्या झटक्यांनी. 2016 च्या 'फायर अँड आइस' अभ्यासात 762 रुग्णांमध्ये फुगा करंटपेक्षा कमी ठरला नाही. 2023 च्या 'अ‍ॅडव्हेंट'मध्ये पल्स्ड फील्डही जुन्या पद्धतींच्या तोडीस तोड निघाली. म्हणून मी त्यांना सांगितलं, यंत्राचं नाव नंतर विचारा. आधी विचारा, की गेल्या वर्षभरात तुम्ही स्वतः एएफची किती अ‍ॅब्लेशन केलीत? अँजिओप्लास्टीचा आकडा इथं कामाचा नाही. हृदयाभोवती रक्त साचलं तर सर्जन त्याच इमारतीत आहे का? ठोके पुन्हा बिघडले तर बघणार कोण? या प्रश्नांवर जो डॉक्टर चिडतो, त्याच्याकडे मी माझा पेशंट पाठवत नाही. पाहुण्यांनी राग मानू नये.

त्याच्याही आधी आपलं काम असतं. आपल्याकडे संधिवाताच्या तापानं अरुंद झालेली मिट्रल झडप अजून भेटते. स्टेथोस्कोप नीट लावा, इको करून घ्या. झडप बरीच अरुंद असेल तर आधी तिचा इलाज, आणि गोळी वॉरफरिनचीच. 2022 च्या 'इन्व्हिक्टस' अभ्यासात अशा रुग्णांमध्ये रिव्हारॉक्साबानपेक्षा वॉरफरिनवर मृत्यू कमी झाले. आयएनआर तपासायला महिन्याच्या महिन्याला कोण येणार, ही तक्रार खरी आहे. पण ती सोडवायची आपणच.

आणि एक गोष्ट जरा थांबून सांगतो, कारण ती पुण्यात नाही, आपल्याच दवाखान्यात समोर येईल. अ‍ॅब्लेशन होऊन दोन-तीन आठवडे झालेला पेशंट निमगाव केतकीला घरी आहे. थंडी वाजून ताप येतो, गिळताना छातीत दुखतं, नाहीतर अचानक बोलणं अडखळतं. आपण व्हायरल म्हणून सलाईन लावू, नाहीतर अ‍ॅसिडिटी समजून एंडोस्कोपीला पाठवू. उष्णतेच्या पद्धतीनंतर क्वचित अन्ननलिका आणि कर्णिका यांच्यात छिद्र पडतं, आणि अशा वेळी एंडोस्कोपीत भरलेली हवा थेट मेंदूत जाऊन घात होऊ शकतो. दुर्बीण नाही, तोंडानं काही नाही. छातीचं सीटी, आणि ज्यांनी अ‍ॅब्लेशन केलं त्यांना त्याच तासाला फोन. त्यांचा मोबाईल नंबर डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतलेला असावा, म्हणजे रात्री शोधाशोध नको.

ठोके सुधारले म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर बंद करणारेही आपल्याकडेच येतात. निदान तीन महिने ती घ्यायचीच. पुढं चालू ठेवायची का, हे पक्षाघाताच्या धोक्यावर ठरतं.

पहिलं सत्र ईसीजी वाचनाचं आहे. पट्ट्या टेबलावर मांडल्यात, नाश्ता उजव्या हाताला आहे, व्यवस्थेत काही उणं राहिलं तर माझा कान धरा.